डेनिसच्या शिक्षणाबद्दल अवाक्षरही नसलेलं पत्र

हल, ९ ऑक्टोबर २०१९

तीर्थरूप सासूबाई मिसेस ॲव्हिस टॉमलिन्सन यांच्या सेवेशी,

बसड्रायव्हर जावई ट्रेव्हर ब्लेन्किन याचा, डोक्यावरची टोपी काढून, नमस्कार. तुमची तब्येत डाव्या गुडघ्यासह ठीक असेल अशी आशा आहे. विदर्नसीला समुद्रावरचा वारा सुटला की आधी तो गुडघाच बोलायला लागतो असं तुम्ही म्हणता, तेव्हा या आठवड्यात त्याने बरीच बडबड केली असणार. मेजर अजून पोस्टमनवर धावून जातो का? (मांजराने असं करावं हे मला अजून पटत नाही, पण माझ्याही पोटरीवर त्याच्या खुणा आहेत.) जात असेल तर हे पत्र तुम्हाला फाटकाबाहेर पडलेलं मिळेल.

गेली तीन वर्षं फोनवर ‘डेनिस’ आणि ‘नर्स’ हे दोन शब्द एका वाक्यात आले की तुम्ही फोन ठेवता. शाळेच्या स्वयंपाकघरातली पेन्शनची नोकरी सोडून चव्वेचाळिसाव्या वर्षी कुणी विद्यापीठात जातं का, हा तुमचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर तुम्हाला नको होतं. पदवीदान समारंभाला पाऊल टाकणार नाही असं तुम्ही तुमच्या नातीला, आमच्या लिन्झीला, सांगितलंत, तेही आमच्यापर्यंत पोचलं. डेनिसने त्यावर फक्त बटाटे सोलले, बारा जणांना पुरतील एवढे, आणि आम्ही तिघंच आहोत. तेव्हा घाबरू नका, या पत्रात त्या विषयाचं अवाक्षरही येणार नाही. मी फक्त माझे हाल लिहितो आहे.

माझे हाल असे की गेली तीन वर्षं मी आजारी मूल आहे. मुलांची नर्स म्हणजे मोठ्यांच्या नर्सचं काम, फक्त पलंग लहान, अशी माझी समजूत होती. (अवाक्षर नाही म्हणालो होतो, हे माझ्या समजुतीबद्दल आहे.) पण त्याची पदवीच वेगळी, विद्या वेगळी, आणि ती सगळी आधी माझ्यावर करून बघायची. मी कामावरून येऊन खुर्चीत टेकतो न टेकतो तोच डेनिस समोर उकिडवी बसते, कारण मुलाशी त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन बोलायचं असतं, आणि मला विचारते की तुझा दंड धरू का, उजवा देतोस की डावा. लग्नाला चोवीस वर्षं झाली, सासूबाई, इतक्या अदबीने माझा दंड कुणी मागितला नव्हता. मग रक्तदाबाचा पट्टा आवळायचा, तेवढ्यात मी साबणाचे फुगे फुंकायचे, आणि शेवटी बक्षीस म्हणून छातीवर चिकटवलेली चिठ्ठी: ‘मी आज शूर होतो.’ एकदा ती युनिफॉर्मवर राहिली आणि मी अख्खी पहिली पाळी तशीच केली. तेव्हापासून डेपोत मला ट्रेव्हर कुणी म्हणत नाही.

बरं, या गोष्टी अंगवळणी पडतात. परवा मागच्या सीटवर चार दांडगी पोरं गोंगाट करत होती. पूर्वी मी आरशातून ओरडलो असतो. परवा मी बस थांबवून मागे गेलो, उकिडवा बसलो आणि म्हटलं, तुमचा आवाज जरा कमी करायचा आहे, आत्ता करूया की पुढच्या स्टॉपनंतर? पोरं इतकी घाबरली की पुढच्या स्टॉपला उतरूनच गेली. एकाने जाताना मला बरं नाही का म्हणून विचारलं.

वजनाचं तर विचारू नका. मुलाचं औषध त्याच्या वजनावर ठरतं, म्हणून आमच्या घरात जे हलतं ते सगळं वजनकाट्यावर चढलं आहे, रविवारचं मटण धरून. मी साडेपंधरा स्टोन आहे म्हटलं तर डेनिस किलोत सांग म्हणते, आणि किलोत तो आकडा फारच वाईट दिसतो. या हिशेबांची एक परीक्षा असते. तिच्यात शंभरापैकी शंभर मिळाले तर पास, नव्व्याण्णवला नापास. (मला वाहनपरवाना यापेक्षा पुष्कळ कमी मार्कांत मिळाला, हे तुम्ही माझ्या बसमधून आल्या आहात म्हणून ओळखलंच असेल.) लिन्झीने आईला स्वयंपाकघरातल्या टेबलावर डब्यातल्या बीन्स मांडून दशांश शिकवले, आणि ती चुकली की ‘अगं आई, एक टिंब सरकलं की दहापट होतं,’ असं रोज म्हणायची. पहिल्या खेपेला डेनिसला पंचाण्णव पडले. मी केक आणला. पंचाण्णव म्हणजे आमच्या घराण्यात कुणी पाहिलेला आकडा नव्हे, असं म्हणून मी सुरी हातात घेतली, तर ती केककडे न बघता म्हणाली, “उरलेली पाच पोरं कुणाची, ट्रेव्हर?”

मी सुरी खाली ठेवली. त्या दिवसापासून तिच्या अभ्यासाची थट्टा मी केली नाही. दुसऱ्या खेपेला तिने शंभर आणले, आणि ही बाई रोज माझ्या शेजारी झोपते याचा मला तेव्हापासून जरा धाकच वाटतो.

आता अवाक्षराचा प्रश्न उरलाच नाही, तेव्हा स्पष्टच लिहितो. तुमचा राग पेन्शनचा नाही हे मला ठाऊक आहे. आमच्या लग्नात शेरीचे तीन प्याले झाल्यावर तुम्ही मला एकट्याला सांगितलं होतंत: एकसष्ट साली तुमचा चार वर्षांचा कॉलिन सहा आठवडे इस्पितळात होता, आई आत आली की पोरं रडतात म्हणून तिथल्या सिस्टरने तुम्हाला दारातूनच परत पाठवलं, आणि तुम्ही सहा रविवार अंगणात उभ्या राहून खिडक्या मोजल्यात. घरी आल्यावर कॉलिन महिनाभर तुमच्या मांडीवर बसला नाही. नर्सा म्हणजे दगड, असं म्हणून तुम्ही चौथा प्याला घेतलात. हे कुणाला सांगू नकोस असं तुम्ही बजावलं होतंत. मी एकवीस वर्षं पाळलं, मग एका संध्याकाळी भांडी पुसताना डेनिसला सांगून टाकलं. पुढच्या आठवड्यात तिने विद्यापीठाचा अर्ज आणला. तेव्हा शिव्या द्यायच्या तर मला द्या.

शेवटच्या वॉर्डात तिला पास-नापास ठरवणारी सिस्टर ओकोरो म्हणून आहे. तिला बघून डॉक्टरसुद्धा शर्ट आत खोचतात. परीक्षेच्या दिवशी डेनिसने तिच्या देखत औषधं द्यायची होती. पाच वर्षांचा एक मुलगा दम लागून आलेला, आणि त्याची आई तीन दिवस खुर्चीवरून हललेली नाही, जेवलेली नाही. डेनिस औषधाची गाडी सोडून गेली आणि त्या बाईसाठी टोस्ट, चहा आणि घडीचा पलंग घेऊन आली. सिस्टरने घड्याळ दाखवून विचारलं की हे कुठल्या औषधात बसतं. डेनिस पांढरीफटक पडली होती (हे तिनेच सांगितलं), पण म्हणाली, “सिस्टर, माझी आई सहा रविवार अशाच एका वॉर्डाबाहेर उभी होती. तिला कुणी चहासुद्धा विचारला नाही.”

सिस्टर ओकोरोने पलंगाचं दुसरं टोक धरलं आणि दोघींनी मिळून तो उघडला. मग डेनिसने औषधं दिली, बिनचूक, आणि सिस्टरने सही केली. तेवीसशे तास वॉर्डात काढून तुमची मुलगी नर्स झाली, सासूबाई, आणि मला तिचा इतका अभिमान वाटतो की बसमध्ये अनोळखी माणसांनाही सांगतो.

बाकी क्षेम. गुडघ्याला जपा, मेजरला आवरा.

तुमचा आज्ञाधारक (त्या एका आज्ञेखेरीज)
ट्रेव्हर

ता. क. – डेनिसने गेल्या महिन्यात कॉलिनला पर्थला फोन करून विचारलं, त्या इस्पितळातलं तुला काही आठवतं का. बासष्ट वर्षांचा माणूस म्हणाला, खाली अंगणात आई असायची, हिरव्या कोटात. आत का येत नाही ते त्याला कळायचं नाही, म्हणून तो रुसला होता. पण त्याने तुम्हाला पाहिलं होतं. सहाही रविवार.

ता. ता. क. – समारंभ मंगळवारी, १९ नोव्हेंबरला, अकरा वाजता आहे. प्रत्येकीला पाहुण्यांची दोनच तिकिटं मिळतात. एक लिन्झीचं, दशांशांबद्दल. दुसरं सोबत जोडलं आहे. ते माझं होतं. मला रजा मिळत नाही असं मी डेनिसला खोटंच सांगितलं आहे. रजा मिळाली आहे आणि साडेआठला मी गाडी घेऊन तुमच्या फाटकाशी येतो. हॉलला चांगलं मोठं अंगण आहे, मी बघून आलो. या खेपेला बाहेर मी उभा राहतो. तुम्ही आत जा.