उरलेल्या नऊ एकर गवताबाबत

दिनांक : १४ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. कुलसचिव,
भीमातीर अभिमत विद्यापीठ,
अक्कलकोट रस्ता, सोलापूर.

विषय : सोमवारी माळावर होणारी तणनाशकाची फवारणी थांबविणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. उत्तर नाही.

महोदय,

१. अर्जदार निंगप्पा चनमल्लप्पा व्हनमाने, वय ७३, धंदा मेंढपाळ. विद्यापीठामागच्या चौदा एकर माळावर त्याची मेंढरे पावसाळ्याचे चार महिने चरतात. जमीन विद्यापीठाची आहे, हे त्यास मान्य आहे. दिवाळीनंतर हीच मेंढरे शेतकरी खतासाठी आपापल्या रानात बसवून घेतात. माळ गेला तर मेंढरे विकावी लागतील, आणि त्या रानांचे खतही जाईल.

२. यंदा विद्यापीठाने 'सर्व विद्याशाखा, शाश्वत भविष्य' असा उपक्रम काढला. प्रत्येक विभागाने एक एकर हिरवा करायचा. त्यासाठी पाच एकरांवरचे हिरवे गवत औषध मारून जाळले. मग खड्डे, खड्ड्यांत रोपे, रोपांना टँकर. गवताला टँकर लागल्याचे अर्जदाराने उभ्या जन्मात पाहिलेले नाही.

३. वनस्पतिशास्त्राचे महेश्वर सर म्हणाले, "आजोबा, इथं काहीच नाही. पडीक जमीन आहे ही." अर्जदार म्हणाला, "काय न्हाय म्हंता सर, मग माजी मेंढरं इतकी वर्सं दगडं खात हुती व्हय?" सर हसले. फवारणीचा पंप थांबला नाही. त्या गवतात चंडोलाची घरटी होती, घरट्यांत अंडी होती. आता तिथे 'येथे निसर्ग घडत आहे. प्रवेश बंद' अशी पाटी आहे. अर्जदार म्हातारपणी वाचायला शिकला, त्याचा त्या दिवशी पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

४. अर्जदार दारोदार फिरला. अभियांत्रिकीने वनस्पतिशास्त्राकडे धाडले, त्यांनी विधी विभागाकडे, विधीने मराठीकडे. मराठी विभागात 'ओसाड माळ' या विषयावर काव्यवाचन चालले होते. नाट्य विभागाने मेंढपाळावर पथनाट्य बसविले आहे. त्यात तो पहिल्याच प्रवेशात मरतो. त्यासाठी घोंगडी मागायला दानेश्वरी नावाची विद्यार्थिनी घरी आली, तेव्हा अर्जदाराची पत्नी बसव्वा तिला म्हणाली, "ने की पोरी. पर मेलेला माणूस रोज रातच्याला तीच पांघरतोय, तेवडी परत आणून दे."

५. साहेब, किळस आली. इतके शिकलेले लोक, भिंतीला भिंत लागून बसतात, आणि एकाने दुसऱ्याचे दार ठोठावू नये? अभियांत्रिकीने मोजावे, पावसात गवताखालची माती किती वाहते आणि खड्ड्यांतली किती. विधीने चराईचा करार लिहावा. वनस्पतिशास्त्राने गुडघ्यावर बसून बघावे. गवत उभ्याने दिसत नाही. बोलावल्यास अर्जदार येऊन दाखवील.

६. तरी उरलेले नऊ एकर आहे तसे राखावे, ही विनंती. उत्तर न आल्यास सोमवारी सकाळपासून अर्जदार, बसव्वा आणि एकशे दहा मेंढरे माळावर बसतील. पंपवाल्यास आम्ही अडविणार नाही, शिवी देणार नाही. फक्त उठणार नाही.

लेखी उत्तराची वाट पाहणारा, आपला नम्र,
निंगप्पा चनमल्लप्पा व्हनमाने

सोबत :
१) तीन अर्जांच्या पोचपावत्या.
२) माळावरच्या अकरा जातींच्या गवताच्या जुड्या, दोऱ्याने बांधून. प्रत्येकीवर नाव लिहिले आहे.