चौथी बाजू

वहिनी,

बाळाला जवळ घ्यायला नको म्हणालीस आणि त्या मनाच्या दवाखान्यात जाऊन बसलीस. डॉक्टर म्हणतात, तुला इतक्यात त्याच्याविषयी काही कळवायचं नाही. म्हणून हे पत्र माझ्या उशीखालीच राहणार. पण बोलले नाही तर जीव गुदमरेल माझा.

तू गेल्यापासून दादा तुमच्या पलंगावर झोपत नाही. खाली गादीवर, बाळाला आडवा हात लावून पडतो. म्हणून आज त्याला ओढत पाळणा घ्यायला नेलं. दुकानात तो नुसता खांबासारखा उभा. मग मीच गजांमधून मूठ घालून बघितली, गादी दाबली, कठडे गदागदा हलवले.

दुकानदार म्हणाला, "ताई, पाळणा घ्यायचाय की मोडायचाय?"

एक अगदी पक्का मिळाला. चारही बाजूंना उंच कठडा, गज जवळजवळ. तेवढ्यात दादानं भलत्याच पाळण्यावर हात ठेवला. त्याला तीनच बाजू होत्या.

"तो आईच्या पलंगाला जोडतात," दुकानदारानं बजावलं. "शेजारी आई झोपणार नसेल तर घेऊ नका. बाळ पडेल."

दादा म्हणाला, "झोपणार आहे."

एरवी पडद्याच्या रंगावरूनही तुझ्याशी भांडणारी मी, पण त्याच पाळण्याचे पैसे मोजून मोकळी झाले गं.

पाळणा तुझ्या पलंगाला घट्ट जोडलाय. बाळ अजून खालीच झोपतंय. सगळे गज मी तपासलेत, वहिनी. चौथी बाजू तेवढी दुकानात मिळत नाही.

तुझी भांडकुदळ
नणंद