सुतकातला केक

शनिवार, संध्याकाळ

बाबांना जाऊन नऊ दिवस झाले आणि मी आज परळला बारमध्ये बसून चॉकलेट केक खाल्ला. तेरावं होऊन मामा गोडाचं जेवण घालेपर्यंत आमच्याकडे कुणी गोड तोंडात घालत नाही. आई तर चहातही साखर घेत नाहीये. मला काय हे माहीत नव्हतं?

कॉलेजच्या मैत्रिणी, शाल्मली आणि ऋता, न्यायला आल्या होत्या. "घरात बसून वेडी होशील, चल." गेले. कोकमाचं कॉकटेल प्यायले, त्या हसल्या की हसले. केक आला तर प्लेटसुद्धा चमच्याने खरवडून साफ केली. शाल्मलीच मग दचकली.

"अगं, तुला आत्ता गोड चालतं ना?"

तेव्हा कुठे आठवलं. आणि वाईटही वाटलं नाही. का नाही वाटलं? अख्खा केक संपवला मी.

सातला लालबागला घरी आले. कुठे गेलेलीस, आईने विचारलंच नाही. बिनसाखरेचा चहा पुढ्यात ठेवला. "फिका लागतो ना गं? अजून चारच दिवस."

मी हो म्हटलं. खरं तर केकही इतकाच फिका लागला होता.