ओळ २१२

मंगळवार, संध्याकाळ. कल्याण.

डोकं भणभणलंय. आमचा प्रोग्रॅम सोसायट्यांचे पाण्याचे पंप चालवतो आणि त्यातली ही ओळ २१२. कंपायलर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरवताना चुका दाखवणारा प्रोग्रॅम; आमचा जुना कंपायलर तिच्याबद्दल कधी चकार शब्द बोलला नाही. आज ऑफिसात त्याचं नवीन व्हर्जन टाकलं, तर म्हणतंय, टाकीच्या पातळीचा आकडा न भरताच वापरला जाऊ शकतो. दुसऱ्या कंपनीचा कंपायलर लावून बघितला. त्याला २१२ चालते, पण त्याच आकड्याबद्दल त्याची कुरकुर भलत्याच ओळीवर. कोड तोच! मग खरं कोण बोलतंय?

शेजारच्या टेबलावरचा मनोज म्हणाला, "अगं, पातळीत सुरुवातीलाच शून्य टाक आणि मोकळी हो."

टाकलं. तिन्ही कंपायलर गप्प. कोड पाठवून दिला आणि रिक्षात बसेपर्यंत मी खूशही होते.

घरी आले तर जिन्यात पाणी. वॉचमन पंप बंद करायला विसरलेला, गच्चीवरची टाकी वाहत होती. मी पायरीवरच थांबले. टाकीतली पातळी मोजणारा सेन्सर बिघडला तर आमच्या प्रोग्रॅममध्ये पातळी शून्यच राहणार. शून्य म्हणजे टाकी रिकामी, म्हणजे पंप चालू. चालूच.

मग इतकी वर्षं सेन्सर बिघडला की २१२ वर कुठला आकडा वापरला जात होता? कुणास ठाऊक. ते बरं होतं की हे? खरंच कळत नाही.

आज सकाळी निदान एक कंपायलर तरी ओरडत होता. त्याचं तोंड मीच बंद केलं.