खिळा नसलेल्या चपला

दादा, तुम्ही नेमकं काय काम करता हे मला दहावीपर्यंत माहीत नव्हतं. "चपला करतो," एवढंच सांगायचात. आणीबाणी उठली त्या वर्षी एकदा तुम्ही डबा विसरलात आणि आईने तो घेऊन मला पाठवलं. नाशिकबाहेर, बसमधून उतरल्यावर फाटकावरची पाटी मी दोनदा वाचली. महारोग्यांचा दवाखाना.

आत तुम्ही जमिनीवर बसलेले आहात. समोर कागदावर एका म्हाताऱ्याचं पाऊल आहे, त्याला एकही बोट नाही, आणि तुम्ही त्याच्या कडेने पेन्सिल फिरवताय. तेवढ्यात मालेगावकडची एक बाई हसत आत येते. तिच्यामागे फरशीवर लाल ठिपके उमटत येतात. "आक्का, थांबा. पाय वर करा," तुम्ही म्हणता. तिच्या बाजारातल्या झिजक्या चपलेचाच खिळा वर येऊन तळव्यात घुसलेला. बसस्टँडपासून ती तशीच चालत आली होती. आमचे चेहरे बघून तीच गोंधळली. "माले काहीच दुखत नही, भाऊ." माझ्या हातून डबा पडला. तेव्हा कुठे तुमचं माझ्याकडे लक्ष गेलं, पण तिचा पाय तुम्ही सोडला नाहीत. नर्सबाईंना हाक मारलीत आणि मला म्हणालात, "घरी जा, बाळा."

संध्याकाळी तुम्ही समजावलंत. त्या पायांना वेदना कळत नाही, म्हणून तुम्ही चपलेला खिळा मारत नाही, मऊ रबर नुसतं शिवता आणि चिकटवता. औषध चालू असलं की रोग पसरत नाही. मला सगळं पटलं. तरी तुम्ही भाकरी वाढायला हात पुढे केलात आणि मी ताट मागे ओढलं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही दाराजवळ एकटे जेवायला बसू लागलात. आई भडकली, "एक ठेवून द्या पोरीला!" तुम्ही म्हणालात, "राहू दे. घाबरलीय ती." भीती महिनाभरात गेली होती, दादा. पण तुम्हाला परत पंगतीत बोलवायची लाज वाटली, आणि तुम्ही माझ्या लग्नापर्यंत तिथेच जेवलात.

मनमाडचे पाहुणे मला बघायला आले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "वडील काय करतात?" तुम्ही बोलायच्या आत मीच म्हणाले, "चपलांचं दुकान आहे." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग पाहुण्यांकडे वळून म्हणालात, "लहानसंच आहे." तुम्ही आयुष्यात खोटं बोललेलं मी तेवढंच ऐकलं. मी मान खाली घालून कप गोळा करू लागले, सगळ्यांना वाटलं मुलगी लाजली.

तुम्ही गेलात त्या दुपारी रस्त्यापलीकडे पंधरा-वीस माणसं उन्हात उभी होती. प्रत्येकाच्या पायात तुमच्या हातच्या चपला. एकाने बोटं नसलेल्या हातांत हार धरला होता. कोणी आत या म्हणालं नाही, म्हणून ती अलीकडे आली नाहीत. सासऱ्यांनी विचारलं, "ही कोण मंडळी?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

तुम्हाला उचललं तेव्हा ती सगळी मागून, लांबून चालू लागली. घरात बायकांनी मला धरून ठेवलं होतं. त्यांना वाटलं, मी तुमच्यासाठीच रडतेय.

हे पत्र कुठे टाकणार? पण खरं सांगते. गेल्या महिन्यात नाशिकला भद्रकालीच्या बाजारातून जाताना नातीने विचारलं, पणजोबांचं दुकान कुठे होतं? मी एका बंद शटरकडे बोट दाखवलं.