इंचभरही वर नको

३ नोव्हेंबर

आजही टॅक्सी! दारात स्वतःची एवढी दांडगी गाडी उभी, आणि बाईसाहेब फिजिओथेरपीला टॅक्सीने गेल्या. आठ महिने झाले. त्या वळणावर गाडी कलली, खांबावर आदळली, हिचा खुबा मोडला. तेव्हापासून माझ्या शेजारी बसलेली नाही. "नको वाटतं," एवढंच म्हणते. बरोबरच आहे तिचं. गाडीच तसली! उंच, बोजड, वळण आलं की दारुड्यासारखी झुकणारी.

ठरलं. सस्पेन्शन बदलायचं. हिला परत शेजारी बसवायचंच.

६ नोव्हेंबर

मुलाला फोन केला — हात दाखवून अवलक्षण! म्हणे, बाबा, करताच आहात तर दोन इंच उंच करून घ्या, रुबाबदार दिसते. रुबाब! अरे, तुझी आई आता पाठमोरी सीटवर टेकते, मग एकेक पाय आत घेते. सीट दोन इंच वर गेली तर काय शिडी लावू तिला? तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतोय. फोन ठेवून दिला.

दुपारी टेप घेऊन हिची कंबर जमिनीपासून मोजली. कशाला, ते सांगितलं नाही. म्हणाली, "मला झगा शिवताय की काय?" सीट जेमतेम जमतेय. इंचभरही वर नको.

११ नोव्हेंबर

मिस्त्रीला चार वेळा बजावलं — उंची आहे तेवढीच ठेवायची. स्प्रिंगा कडक, शॉक अ‍ॅब्सॉर्बर चांगले, आणि दोन्ही चाकांना जोडणारा तो आडवा दांडा जाड, म्हणजे वळणावर कलणार नाही. काळजीच सोडा काका, म्हणाला. हे वाक्य ऐकलं की मला काळजी लागते.

१८ नोव्हेंबर

सव्वा इंच!!

टेप लावून तीनदा मोजलं. सव्वा इंच वर! तळपायाची आग मस्तकात गेली. मिस्त्री म्हणतो, स्प्रिंगा त्याच मापाच्या आहेत, गाडी हळूहळू खाली येईल. हळूहळू म्हणजे कधी? हिने तोवर काय करायचं? गॅरेज डोक्यावर घेतलं मी. लोक हातातली कामं टाकून बघत होते. बघू देत.

१९ नोव्हेंबर

सापडलं! गाडी वर टांगलेली, चाकं लोंबकळतायत, आणि पठ्ठ्याने तशातच सगळे बोल्ट आवळून टाकले. सांध्यांमधले रबरी बुश त्याच स्थितीत अडकले, आता गाडीला खाली येऊच देत नाहीत. चाकं जमिनीवर टेकवायची, गाडीचं वजन पडू द्यायचं, मग आवळायचे — हे मी सांगायचं, जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाने!

सगळे ढिले करायला लावले. गाडी खाली आल्यावर परत आवळायला लावले. मी टेप घेऊन बाजूला उभा. मिस्त्री पुटपुटला, "काका, गाडीवर एवढा राग कशाला?"

काम कर म्हटलं.

२१ नोव्हेंबर

माप पूर्वीइतकंच. हिला म्हटलं, एकदा बसून तर बघ. मी चक्क हात जोडले. मग म्हणाली, रविवारी.

२५ नोव्हेंबर

टेकली, पाय आत घेतले — बसली!! कुणाचा हात लागला नाही. मुद्दाम त्याच वळणावरून नेली. जराही झुकली नाही गाडी. बघ, म्हटलं, गाडीचाच दोष होता.

घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. असा संताप झाला! हे सगळं मी कुणासाठी केलं?

२६ नोव्हेंबर

सकाळी चहा पिताना म्हणाली, "गाडी छान झालीय. पण त्या दिवशी ती कलली नव्हती. तुमचा डोळा लागला होता."

मग आठ महिने गप्प का राहिलीस, विचारलं.

"तुम्ही आपणहून सांगाल, म्हणून."

मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. इथेसुद्धा लिहिलं नव्हतं.