तटबंदीचं गाव पाहून आल्यावर

१४ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल लावता, की बाटली कपाटात ठेवून नुसती तिची शोभा बघता? इथे सगळं ठीक. शाळेच्या गटफोटोंना फ्रेमा करायचं मोठं काम आलंय, त्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नाही.

सहल कशी झाली, म्हणून तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी "छान" म्हणून फोन ठेवला. तुम्हाला खटकलं असणार. एका शब्दात उत्तर देण्याबद्दल काही माझी ख्याती नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

गाव मला फार आवडलं. सातशे-आठशे वर्षांपूर्वी तिथे मोठं बंदर होतं म्हणे. मग गाळ साचत गेला, समुद्र मागे हटला, आणि आता तटाच्या पायऱ्या उतरलं की गवत आणि त्यात शेळ्या. होड्या बांधायच्या लोखंडी कड्या अजून भिंतीत आहेत. त्यांना दोऱ्या लावून बायका कपडे वाळत घालतात. मुख्य दरवाजा मुद्दाम वळणात बांधलाय, शत्रूला सरळ धावत येता येऊ नये म्हणून. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून हातगाडी आली तर आपण कुणाच्या तरी दारात शिरायचं. मी एका आजींच्या थेट स्वयंपाकघरात शिरले. त्यांनी पाणी विचारलं.

नमनाला घडाभर तेल झालं, कळतंय मला.

सहलीला काचवाले होते. आपल्या दुकानाला काच पुरवणारे, तुमच्या दादांचे दोस्त. दादा गेले त्यानंतरचे सहा महिने दुकान त्यांनीच उघडं ठेवलं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तिथल्या संग्रहालयात गावाचा जुना नकाशा आहे. लोक लांबून तो बघायला येतात. गाइडबाई जीव तोडून सांगत होत्या, बंदर कुठे, जकातनाका कुठे. आणि मी बघत होते फ्रेमचा कोपरा.

"फट आहे," मी म्हटलं.

"मेण भरलंय," काचवाले म्हणाले.

"मेण कसलं, लाख आहे ती. आणि पट्टी बघा कशी कापलीय!"

"काच मात्र जुनी. जरा तिरकं बघा, लाटा दिसतील."

जित्याची खोड! दोघांची नाकं काचेला टेकायचीच बाकी होती. तेवढ्यात बाईंनी आम्हालाच विचारलं, "मग सांगा, तेव्हा समुद्र कोणत्या बाजूला होता?" आम्ही दोघांनी दोन वेगळ्या बाजूंना बोटं दाखवली. दोन्ही चुकीच्या.

नकाशा बघायला आलेली सगळी माणसं हसली. मीही हसले, वन्सं, इतकी की भिंतीला टेकावं लागलं. दादा गेल्यापासून मी अशी हसले नव्हते. बाई म्हणाल्या, "नवरा-बायको दोघंही मागच्या बाकावरचे दिसता!"

मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. काचवाल्यांनीही नाही.

मग आम्ही तटावरून चालत निघालो. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "मघाशी त्या बाईंना सांगायला हवं होतं."

"मग का नाही सांगितलंत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो."

"मीही त्याचसाठी थांबले होते."

"मग त्यांचं बोलणं खरं करता येतंय का, बघू या. घाई नाही. विचार करून सांगा." काचेचं माप विचारतात ना, तसंच, खाली बघून.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? बाजारातल्या दुकानदारांची सहल आहे, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ती ठरली होती, पण माणसं जमली नाहीत म्हणून रद्द झाली. आम्ही दोघंच गेलो. सकाळच्या बसने गेलो, संध्याकाळच्या बसने परत आलो.

मी त्यांना हो म्हटलंय.

तुमची परवानगी मागायला हे पत्र नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईने परवानगी काय मागायची! तुमचे दादा मला आवडत होते, आजही आवडतात. दुकानातला त्यांचा फोटो आहे तिथेच राहणार. त्याची काच धुरकट झाली होती, ती काचवाल्यांनीच बदलली, मला न विचारता.

भीती आहे ती वेगळीच. मला माहेर उरलं नाही, मूलबाळ नाही. आजारपणात धावून येणार तुम्ही, भांडणार तुम्ही, फोनवर तासभर डोकं खाणार त्याही तुम्हीच. आणि तुम्ही मला मिळालात त्या दादांमुळे. आता मी दुसऱ्या कुणाची झाले तर तुम्ही माझ्या राहाल का, हे मला कळत नाही, आणि त्या विचारात हातचं काम चुकतं. काल चांगली सागवानी पट्टी आखूड कापली.

फोन करू नका. तुम्ही रागवाल, मी रडेन, आणि बोलायचं राहून जाईल. रविवारी याच. काचवाल्यांनाही जेवायला बोलावते. त्यांना काय सुनवायचं ते सुनवा, ऐकून घेतील. फक्त जिन्यातून वर येताना मला नेहमी मारता तशी हाक मारा. मारलीत तर मी धावत दार उघडेन. नाही मारलीत तरी उघडेन, पण मला कळेल.

तोवर तरी,
तुमची वहिनी